वणव्यातून वाचलेल्यांची वाट

शास्त्रपाठ : योएल १:१५-२०; अनुवाद २२:१-८

योएल संदेष्ट्याचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांत बहुधा त्याच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण होते. पन्नासाव्या दिवशी पेत्राने ज्या वचनांचा आधार घेतला ती तेथे आहेत, आणि उपवासकाळाच्या आरंभी उपदेशकाच्या हाती येणारे, वस्त्रे नव्हे तर अंतःकरणे फाडण्याचे आवाहनही तेथेच आहे. पहिला अध्याय टोळांचा म्हणून आपण वाचतो आणि पुढे जातो. वास्तविक त्या अध्यायात टोळांवर दुसरे संकट आणि दुसऱ्यावर तिसरे येऊन कोसळते. टोळांनी शेते फस्त केली. अवर्षणाने बी ढेकळांखाली सुकून गेले. कोठारे ओस पडली. चारा नाही म्हणून गुरांचे कळप भांबावून फिरू लागले. आणि अखेरीस रानातल्या कुरणांना व झाडांना आगीने वेढले. याजकांनी शोक करावा, सभा बोलवून वडीलजनांना जमवावे, असे सांगून झाल्यावर एकोणिसाव्या वचनात संदेष्टा स्वतः परमेश्वराचा धावा करतो. आणि विसाव्या वचनात आपल्याला कळते की, तो एकटा धावा करीत नाही. त्याच्या शेजारी रानातले पशूही परमेश्वराकडे तोंड करून उभे आहेत.

या ठिकाणी मूळ इब्रीत 'आराग' असे क्रियापद आहे. भाषांतरकाराला अशा शब्दांची थोडी धास्तीच वाटते, कारण सबंध जुन्या करारात ते तीनच वेळा आले आहे : एकदा येथे आणि दोनदा बेचाळिसाव्या स्तोत्राच्या आरंभी, जेथे हरिणी पाण्यासाठी आणि भक्ताचा जीव देवासाठी व्याकूळ होतो. आपल्या परिचयाच्या मराठी शास्त्रात त्या स्तोत्रात 'लुलपणे' हा सुंदर शब्द योजला आहे. ग्रीक सप्ततीकारांनी योएलाच्या वचनात निराळी वाट धरली; पशूंनी वर दृष्टी लावली, असा अर्थ त्यांनी घेतला. इब्री वाक्यात आणखी एक गंमत आहे. पशू अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी! इब्री व्याकरणात हे अशक्य नाही. तरी प्रत्येक पशू आपापल्या ठिकाणी एकेकटा लुलपत आहे, असे संदेष्ट्याला दिसले असावे, असे मला वाटते. माझ्या या समजुतीवर कोणी सिद्धांत उभारू नये. परंतु भक्ताच्या तळमळीला आणि होरपळलेल्या जनावराच्या तळमळीला पवित्र शास्त्राने एकच क्रियापद दिले आहे, ही गोष्ट मात्र सिद्धांताच्या तोलाची आहे.

वणव्यात सापडलेला पशू देवाकडे पाहतो, असे शास्त्र सांगते. वणव्यातून निसटलेला पशू कोठे जातो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर असे की, तो पुष्कळदा रस्त्यावर येतो.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात लागलेल्या वणव्यांचे वृत्त वाचकांच्या स्मरणात असेल. त्या आगींत सुमारे ३०० कोटी वन्यजीव मृत्यू पावले किंवा परागंदा झाले, असा अंदाज जागतिक वन्यजीव निधीसाठी काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला. त्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांची संख्या सर्वांत मोठी होती. त्या देशाच्या दक्षिणेकडील कांगारू बेटाचा तर जवळजवळ अर्धा भाग जळाला. हे आकडे ऐकून आपण हळहळतो आणि आग विझली म्हणजे संहारही थांबला असे समजतो. तेथील ग्रामीण भागातल्या लोकांना ठाऊक आहे की, तो तसा थांबत नाही. जळालेल्या रानात खाणे नाही, पाणी नाही, लपायला झुडूप नाही. वाचलेला प्राणी आपले ओळखीचे ठिकाण सोडून निघतो आणि अनोळखी मुलखात भटकतो. डांबरी रस्त्यावर पडलेले पावसाचे पाणी, इतकेच काय, पहाटेचे दवसुद्धा दोन्ही कडांना वाहून जाते. म्हणून रस्त्याच्या कडेला पहिले हिरवे गवत उगवते. सारे रान काळे आणि सडकेच्या दोन बाजूंना दोन हिरव्या रेघा! भुकेला कांगारू संध्याकाळी तेथे येतो आणि वाहनाच्या दिव्यांनी दिपून जागीच खिळतो. म्हणूनच त्या देशात वणव्यानंतर वाहनचालकांना सांगतात की, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत वेग कमी ठेवा, आणि जळालेल्या पट्ट्याच्या आसपास तर विशेष सांभाळा.

तेथे आणखी एक रीत आहे. रस्त्यावर मरून पडलेली कांगारूची मादी दिसली तर गाडी सुरक्षित बाजूला थांबवून तिच्या पोटाची पिशवी पाहावी, असे तेथील प्राणिसेवक शिकवतात. कारण आई मेल्यावरही आतले पिल्लू जिवंत असू शकते. परदेशातला कोणी अनोळखी मनुष्य काळोखात गुडघे टेकून मेलेल्या जनावराच्या पिशवीत हात घालतो, हे दृश्य मनापुढे आणून मी पुष्कळदा थबकलो आहे. त्याने अनुवादाचा बाविसावा अध्याय वाचला असेल किंवा नसेल. त्या अध्यायाकडे आपण वळणारच आहोत.

परंतु तत्पूर्वी आपल्या देशाकडे पाहू. फेब्रुवारी २०१९ च्या उत्तरार्धात कर्नाटकातील बंडीपूर व्याघ्र प्रकल्पात वणवा पेटला आणि काही दिवसांत दहा हजार एकरांच्या आसपास रान होरपळले. घाणेरीची वाळलेली जाळी आणि उन्हाळी वारा यांमुळे ती आग आवरेनाशी झाली. उत्तराखंडातील चिडाची वने, मध्य भारतातील सागाची व सालाची वने, ओडिशा, छत्तीसगड, आपल्याकडे गडचिरोली व मेळघाट या सर्व ठिकाणी फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा हंगाम. एक योगायोग ध्यानात घ्यावा. आपला उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण आणि त्यामागून येणारी लग्नसराई हीही याच महिन्यांत येते. भोपाळ, जबलपूर, रायपूर, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीसाठी स्थायिक झालेली आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे याच दिवसांत गावाकडे निघतात. आणि 'रात्री रस्ता मोकळा मिळतो' म्हणून अनेकजण रात्रीच निघतात. तो रस्ता मोकळा नसतो. दिवसा उन्हाने आणि धुराने दडून बसलेले सारे रान रात्री पाण्याच्या शोधात बाहेर पडलेले असते.

वणवा म्हणजे दैवी आपत्ती, आपण काय करणार, असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. मोशेच्या नियमशास्त्राने ही सवलत दिलेली नाही. आग पेटून काट्याकुट्यांत शिरली आणि शेजाऱ्याचे उभे पीक जळाले, तर ज्याने ती पेटवली त्याने भरपाई करावी, असे निर्गम २२:६ मध्ये आहे. वारा कोणी सोडला, हे तेथे विचारलेले नाही. आपल्या देशातील बहुतेक वणवे मनुष्याच्याच हातून लागतात. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तेंदूची नवी पाने फुटावीत म्हणूनही आग लावतात. येथे मला थोडे थांबून सांगितले पाहिजे की, अशा वेळी साऱ्या दोषाचे गाठोडे आदिवासी बंधूंच्या माथी मारण्याची जी शहरी रीत आहे ती मला मान्य नाही. मोहावर ज्यांची चूल पेटते ते रान जाळून सुखी होत नाहीत, आणि आग विझवायला झाडाच्या ओल्या डहाळ्या घेऊन सर्वांत आधी धावतात तेही बहुधा तेच. चालत्या गाडीतून जळती विडी कोरड्या गवतात फेकणारा प्रवासी मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही. तो तोवर पुढल्या गावाला पोहोचलेला असतो.

आता अनुवादाचा बाविसावा अध्याय. वरवर पाहता हा फुटकळ नियमांचा संग्रह वाटतो, आणि अभ्यासकही त्याची संगती लावताना थकतात. तथापि पहिली आठ वचने एका दमात वाचावीत. भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेले दिसले तर ते परत पोहोचवावे. त्याचे गाढव किंवा बैल वाटेत पडलेला दिसला तर त्याला उठवण्यास हात द्यावा. वाटेत पाखराचे घरटे आढळले आणि आई पिलांवर बसलेली असली तर आईला धरू नये. नवे घर बांधले तर गच्चीला कठडा करावा. चौथ्या आणि सहाव्या अशा दोन्ही वचनांत इब्रीत एकच शब्द आहे, 'बद्देरेख', म्हणजे 'वाटेत'. पडलेले जनावर वाटेत आहे आणि घरटेही वाटेत आहे. रानातल्या सर्व पशुपक्ष्यांची जबाबदारी नियमशास्त्र माझ्या अंगावर टाकीत नाही. पण माझ्या वाटेत जो येतो त्याला ओलांडून जाण्याची परवानगीही मला देत नाही.

पहिल्या चार वचनांत आणखी एक क्रियापद तीनदा येते. त्याचा शब्दशः अर्थ 'स्वतःला लपवणे' असा आहे. मराठीत आपण 'काणाडोळा करणे' म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु काणाडोळ्यात डोळ्याची चूक दिसते, तर इब्री शब्दात सबंध मनुष्यच लपून बसतो. पूर्वी लपण्यासाठी वाट बदलावी लागे, जशी यरीहोच्या वाटेवरील याजकाने व लेव्याने दुसरी बाजू धरली. आता तेवढाही त्रास नाही. काचा बंद आहेत, आत गाणे लागले आहे, काटा ताशी ९० किलोमीटरवर आहे, आणि चाकाखाली काहीतरी आल्याचा एक हलकासा धक्का बसतो. "काय होते हो?" असे मागून कोणी विचारते. "काही नाही, दगड असेल."

आणि मग आठवे वचन, कठड्याचे. 'मआके' हा कठड्यासाठी वापरलेला शब्द सबंध पवित्र शास्त्रात येथेच आला आहे. त्या देशात घरांना सपाट गच्ची असे, लोक तेथे झोपत, धान्य वाळवीत. म्हणून कठडा नसेल आणि कोणी पडला तर घरावर रक्तदोष येईल, असे मोशे सांगतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर हे वचन मनुष्याविषयी आहे, पशूविषयी नाही. पण त्यातील तत्त्व यहूदी गुरूंनी फार पूर्वीच ओळखले होते. घरात चावरा कुत्रा किंवा डुगडुगती शिडी ठेवू नये, असे त्यांनी याच वचनावरून काढले. अपघात घडल्यावर शोक करणे वेगळे आणि तो घडेल हे ओळखून आधी भिंत घालणे वेगळे. घर बांधणाऱ्याने कोणाला ढकललेले नसते. तरीही कठडा नसलेल्या घरावर रक्त आहे, असे देव म्हणतो. ज्या रानातून आपण रस्ता नेला, त्या रस्त्याचे घरमालक आपणच आहोत.

येथे एखादा वाचक प्रेषित पौलाकडे बोट दाखवील, आणि त्याचा प्रश्न टाळणे बरे नव्हे. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, ही आज्ञा घेऊन पौल करिंथकरांस विचारतो की, देवाला बैलांची काळजी आहे काय? (१ करिंथ ९:९.) ग्रीक वाक्याची घडण अशी आहे की, 'नाही' हेच उत्तर अपेक्षित दिसते. मग पशूंसाठी एवढा खटाटोप कशाला? माणसांचेच भागत नाही! पौलाचा युक्तिवाद नीट पाहिला पाहिजे. सुवार्तिकाला उपजीविकेचा हक्क आहे, हे त्याला सिद्ध करायचे आहे, आणि तो धाकट्यावरून थोरल्याकडे जातो. बैलाचे मुसके खरोखर काढलेले असेल तरच त्यावरून सुवार्तिकाच्या हक्काकडे जाता येईल. बैल उपाशी ठेवून त्याच्यावरून उपदेश करणे हे पौलाच्या मनात येणे शक्य नाही. शिवाय आपल्या प्रभूने चिमण्यांचा भाव सांगितला आहे. मत्तयात दमडीला दोन, लूकात दोन दमड्यांना पाच. पाचवी फुकट, वर घातलेली. तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू म्हणाला. तोही युक्तिवाद धाकट्यावरून थोरल्याकडे जाणारा आहे, आणि त्यातील धाकटी पायरी पोकळ असती तर शिष्यांना धीर कसा आला असता?

माणसांचे भागत नाही, हे खरेच आहे. आणि रस्त्यावरच्या कठड्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. बंडीपुरातून केरळातील वायनाडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत बंद ठेवण्याचा आदेश २००९ मध्ये निघाला, आणि २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. रुग्णवाहिकांना आणि ठराविक बसगाड्यांना मुभा होती. रात्री रस्त्यावर मरणाऱ्या प्राण्यांसाठी तो निर्णय होता. परंतु वायनाडच्या शेतकऱ्याचा माल त्याच वाटेने बाजारात जातो, आणि २०१९ मध्ये तेथील तरुणांनी बंदीविरुद्ध उपोषण केले. त्या जिल्ह्यात आपल्या ख्रिस्ती बंधूंची वस्ती मोठी आहे. त्यांना वन्यजीवांचे वैरी म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. ज्यांच्या अंगणात हत्ती येतो त्यांनी सारा भार वाहायचा आणि आम्ही शहरातून टाळ्या वाजवायच्या, याला मी प्राणिदया म्हणणार नाही. न्यायालयाचा निर्णय मला योग्य वाटतो. तरी वायनाडच्या माणसाला दुसरी सोयीची वाट मिळाल्याखेरीज तो पुरा झाला, असे वाटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. जबलपूरहून नागपूरला येणाऱ्या वाचकांनी पेंचच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने प्रवास केलाच असेल. तो चौपदरी करताना मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेरीस महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता उचलून प्राण्यांना खालून जाण्यासाठी लहानमोठ्या पुलांसह नऊ ठिकाणी वाट ठेवण्यात आली. त्यांतील सर्वांत लांब वाट ७५० मीटरची आहे. जनावरे अशा बांधीव वाटेने जातील काय, अशी शंका पुष्कळांना होती. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावले, तेव्हा अठरा जातींचे वन्यप्राणी त्या पुलांखालून जाताना टिपले गेले. त्यांत चितळ होते, रानकुत्री होती आणि वाघही होते. वर मालमोटारी धावत आहेत आणि खाली वाघ निवांत चालला आहे! यशायाने ज्या राजमार्गाचे दर्शन घेतले तो अर्थात हा नव्हे. पण खर्चाची तयारी असली की गच्चीला कठडा बसतो, एवढे तरी पेंचने दाखवले.

प्रत्येक ग्रामीण रस्त्यावर असे पूल होणार नाहीत. तेथे कठडा म्हणजे चालकाचा पाय. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेतले विज्ञान आहे. आणि दिव्यांचा झोत मात्र तेवढाच लांब राहतो. म्हणून रानाचा पट्टा शक्यतो दिवसाउजेडी ओलांडावा. संध्याकाळनंतर जावेच लागले तर ताशी ४० च्या पुढे जाऊ नये, विशेषतः जेथे कडेचे रान काळे पडलेले दिसेल तेथे. एक चितळ आडवे गेले की लगेच वेग वाढवू नये. मागे दुसरे असते आणि पुष्कळदा ते पाडस असते. जनावर दिपून उभे राहिले तर दिवे मंद करावेत, भोंगा वाजवीत अंगावर जाऊ नये. खाऊची पिशवी, फळांची साले रस्त्याकडेला टाकू नयेत. माकडे आणि रानडुकरे त्या वासाने रस्त्याला चिकटतात. दुचाकीस्वारांनी तर हे स्वतःच्या जिवासाठीच पाळावे, कारण रानडुकराला धडकल्यावर डुक्कर उठून जाते आणि स्वार उठत नाही, असेही घडते. जखमी प्राण्याला हात न लावता जवळच्या वनचौकीला कळवावे. मेलेले जनावर रस्त्यावर तसेच राहिले तर त्यावर येणारे कोल्हे, तरस, गिधाडे हीही मारली जातात. म्हणून तेही कळवावे.

मंडळ्यांना काही करता येईल काय? ज्या मंडळ्यांच्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने रानाकाठी आहेत, त्यांच्या जीपगाड्या आणि बसगाड्या याच रस्त्यांवर धावतात. चालकांना एकत्र बसवून वरील गोष्टी सांगायला अर्धा तास लागतो. वणव्यानंतर वनखाते टाकीने पाणवठे भरते. ते रस्त्यापासून आत असावेत, असा आग्रह ग्रामसभेत धरता येतो. शिबिरे आणि जागरणाच्या सभा रात्री उशिरा संपवून लोकांना घाटातून परत पाठवण्याची आपली जी प्रथा आहे, तिच्यावर वेगळा लेख लिहिता येईल.

योएलाच्या पुस्तकाकडे परत जाऊन थांबतो. दुसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनापासून देव दिलासा देऊ लागतो. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. भिऊ नको, असे तो प्रथम भूमीला म्हणतो. त्यानंतर तो रानातल्या पशूंकडे वळतो, त्याच पशूंकडे, जे पहिल्या अध्यायात लुलपत होते. रानातली कुरणे हिरवी होत आहेत, असे त्यांना सांगतो. सीयोनेच्या लोकांची पाळी तिसरी आहे. आपल्याकडे हा निरोप जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर येतो. तोवर मे महिना आहे. रान काळे आहे, आणि वळवाच्या एखाद्या शिंतोड्याने फक्त सडकेच्या दोन कडांना कोवळे गवत धरले आहे. आज रात्री चितळांचा कळप तेथे उतरेल. माद्यांबरोबर यंदाची पाडसे असतील, आणि त्यांना अजून गाडीचा आवाज ओळखता येत नाही.